यहूदाचं काम मिळालंय? मग तयारी अशी कर

यंदा ईस्टरच्या नाटकात यहूदा इस्कर्योत, म्हणजे चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणारा त्याचाच शिष्य, तुला करायचाय असं ठरलं की स्क्रिप्ट लगेच पाठ करायला घेऊ नकोस, आधी घरी बसून बायबलातल्या शुभवर्तमानांपैकी मत्तयचे 26 आणि 27 आणि योहानाचे 12 आणि 13 हे अध्याय एका बैठकीत मोठ्यानं वाचून काढ. मी मिरजेत तीन वर्षं हे काम केलं आणि पहिल्या वर्षी न वाचताच उभा राहिलो, भुवया वाकड्या करून, खदाखदा हसून पक्का व्हिलन केला, टाळ्याही पडल्या, पण ते चुकीचं होतं हे आता कळतंय. पैशाची थैली यहूदाकडं असायची, म्हणजे विश्वासातला माणूस, आणि जेवताना येशू म्हणाला की तुमच्यातला एक जण मला धरून देणार, तरी कोण ते बाकीच्या शिष्यांना ओळखता आलं नाही. रोज बरोबर राहणाऱ्यांना कळलं नाही ते शेवटच्या बाकावरच्या पोराला तुझ्या पहिल्या एंट्रीलाच कळलं तर जेवणाचा सीन तिथंच संपला. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून आपल्याकडं राक्षस आरडाओरडा करतच स्टेजवर येतो, ते आपल्या अंगात मुरलंय, पण यहूदा तसा येत नाही.

ड्रेपरीवाल्याला आधीच सांगून ठेव, काळा झगा नको, दुसऱ्या शिष्याला, पेत्राला जो देशील तसलाच मला दे. आणि मेकअपला कुणी नाक वाकडं करायला लागलं तर स्पष्ट नाही म्हण. नावात यहूदा आहे म्हणून लोक त्याला सगळ्या यहूद्यांचा, म्हणजे ज्यूंचा प्रतिनिधी करून टाकतात, पण येशू, मरिया, पेत्र, योहान सगळे यहूदीच होते, हे दिग्दर्शकालाही एकदा बोलून दाखव.

दाढी स्पिरिट गमनं चिकटवतात आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये घामानं ती सुटते, म्हणून दोन महिने आधीपासून स्वतःचीच वाढव.

आता नाणी, येशूला धरून द्यायला याजकांनी, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांनी यहूदाला दिलेली ती तीस. चांदीचा कागद लावलेला पुठ्ठा अजिबात नको, हार्डवेअरच्या दुकानातून तीस लोखंडी वायसर मोजून आण आणि जाड मांजरपाटाच्या थैलीत घाल. दुसऱ्या वर्षी मी ते पहिल्यांदा शहाबादी फरशीवर फेकले, कॉलर माईक बंद होता तरी अख्ख्या चर्चमध्ये आवाज घुमला, एक वायसर गोल फिरत फिरत बायकांच्या बाजूच्या बाकाखाली जाऊन थांबला आणि तो थांबेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या वेळी तू काहीच बोलू नकोस, आवाज पूर्ण संपू दे. निर्दोष माणसाला धरून दिलं हे यहूदा स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, पैसे परत न्यायला स्वतः जातो, आणि याजक म्हणतात त्याचं आम्हाला काय. माझ्या मते सगळं काम या एका सीनसाठी करायचं, बाकी तालमी कमी पडल्या तरी चालतील.

मुका घेऊन यहूदा शिपायांना येशू कोण ते दाखवून देतो, तो सीन मात्र पहिल्या तालमीपासून खराखरा कर. आपल्याकडं पोरं लाजतात, हसतात, प्रयोगाच्या दिवशी बघू म्हणतात आणि मग गेथशेमानेच्या बागेत हशा पिकतो. कुठला गाल, हात कुठं, मशालवाले शिपाई कुठं उभे, सगळं येशू करणाऱ्याबरोबर बसून ठरव. मत्तयात त्या क्षणी येशू त्याला मित्र म्हणून हाक मारतो, ती हाक नीट ऐक, नजर खाली आपोआप जाईल, वेगळा अभिनय करावा लागत नाही.

यहूदा शेवटी गळफास घेतो, पण फास दाखवायचा नाही. दोर गळ्यात नको, हातात पण नको, कितीही जणांनी आग्रह केला तरी नको, पुढं संडे स्कूलची पोरं बसलेली असतात आणि मोठ्यांतही कुणाच्या घरात काय घडून गेलंय आपल्याला माहीत नसतं. पैसे टाकायचे, अंधारात चालत जायचं, लाईट बंद.

प्रयोग शनिवारी रात्री असला तर तोंडाला खोबरेल लावून रंग काढ आणि आपल्या कपड्यात लगेच बाहेर ये, लहान पोरं तुला घाबरून आईमागं लपतात, त्यांच्याशी खाली बसून दोन शब्द बोल. वायसर मोजून थैलीत परत टाक, तीस भरायला हवेत, आणि लवकर झोप, रविवारी पहाटेच्या भक्तीला तुला पुढच्या बाकावर बसायचंय.