नवी बॉडी घ्यायची? आधी वाया गेलेले फोटो मोजा

दिवाळीचा बोनस जवळ आला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, माझ्याकडे अमुक कॅमेरा आहे, आता तमुक आलाय. बदलू का?" मी दौंडला हायस्कूलमध्ये गणित शिकवते, हिवाळ्यातले रविवार भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढत होडीत घालवते आणि भावकीतल्या लग्नांत बिनपगारी फोटोग्राफर असते. गणिताची बाई म्हणजे पैशांचा हिशोब मांडून देईल, अशी विचारणाऱ्याची समजूत असते. मी हिशोब मांडते, पण तो वाया गेलेल्या फोटोंचा.

माझ्याकडे निकॉन डी७०००. मॉडेल २०१० चं, १६ मेगापिक्सेलचं. २०१७ मध्ये मला खाज सुटली. पुण्यात एका दुकानात गेले. दुकानदाराने डी५६०० हातात दिला: २४ मेगापिक्सेल, फिरणारा टचस्क्रीन, ब्लूटूथ, वजनाला हलका. "तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी नवीन आहे, मॅडम." मी पर्स उघडली होती. तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, पिशवीतली माझी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स काढून त्यावर चढवली. बटण दाबलं. काहीच नाही. फोकसची रिंग जागची हलेना. त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, ती बॉडीतल्या (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातल्या) मोटरवर चालते, आणि डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत ती मोटरच नसते. शिवाय मागेपुढे दोन डायल असतात त्यातला एक गायब, लेन्सचा फोकस जुळवून घेण्याची सोय गायब. नवीन होता खरा, पण पायरी खालची होती. तेव्हा पहिलं काम हे: आपल्या सगळ्या लेन्स पिशवीत घालून दुकानात जायचं आणि प्रत्येक चढवून बघायची. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

परतीच्या गाडीत मी वहीत पाच रकाने आखले. तीच पद्धत आजही सांगते.

महिनाभर कॅमेऱ्यात एकही फोटो डिलीट करायचा नाही. घरी आल्यावर जे फोटो टाकून दिले असते ते 'रद्दी' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवायचे. दोनशे झाले की चहा घेऊन बसायचं आणि प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून एकच प्रश्न विचारायचा: हा का बिघडला? हललाय, फोकस चुकलाय, दाणे फार आलेत, मी उशिरा क्लिक केलं किंवा चौकट चुकली, की कॅमेरा अडकून बसला आणि क्षण गेला. एका फोटोला एकच रकाना. दोन कारणं दिसली तर आधीचं धरायचं.

माझे आकडे असे आले: हललेले ७१, माझी चूक ५८, फोकस ३४, दाणे २२, अडकलेला कॅमेरा १५. मी ५८ लिहिले तेव्हा मला जरा लाज वाटली. लग्नात नवऱ्या मुलीचा हात कापणारी चौकट कोणतीही बॉडी सुधारून देणार नाही.

हललेल्या ७१ चं मूळ शोधायला दहा मिनिटं लागली. बहुतेक फोटो ७०-३०० लेन्सवर ३०० एमएमला, आणि शटर स्पीड १/२५० वगैरे. आमच्या डीएक्स, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर शटर स्पीड निदान १ भागिले फोकल लेंथची (लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याची) दीडपट हवा, म्हणजे ३०० एमएमला १/४५०. आणि तोही स्थिर वस्तूसाठी. मी अॅपर्चर मोडवर ठेवून (अॅपर्चर म्हणजे लेन्सचं उघडं तोंड; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) शटर कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडत होते. तेव्हापासून पक्ष्यांसाठी मॅन्युअल मोड, शटर १/१०००, उडत असेल तर १/१६००, अॅपर्चर एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो. खर्च शून्य.

फोकसच्या ३४ मध्ये दोन जाती निघाल्या. काही फोटोंत पक्षी बसलेला, पण धार त्याच्या मागच्या काडीवर. हे लेन्स आणि बॉडी एकमेकांशी जुळत नसल्याचं लक्षण. जेवणाच्या टेबलावर टॉर्चचे सहा सेल तिरक्या रांगेत उभे करा, कॅमेरा स्टँडवर ठेवा, व्हीआर (लेन्समधली हलणं रोखणारी सोय) बंद, तिसऱ्या सेलवर फोकस, आणि बघा कुठला सेल सर्वांत स्पष्ट येतो. माझा चौथा येत होता. सेटअप मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, तिथे उणे बाजूला सरकवत गेले, आठ-दहा फोटोंत जमलं. हा भाग कॅमेरा विकायला निघालेल्या दहांपैकी नऊ जणांनी केलेला नसतो. उरलेले फोटो उडत्या पक्ष्यांचे, त्यांचं पुढे.

दाण्यांचा रकाना सगळ्यात फसवा. लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० ला फोटो घेतला, दाणे आले, म्हणून नवी बॉडी हवी असं वाटतं. गणित करू. किटमधली लेन्स झूम करून ५५ एमएमच्या आसपास आणली की अॅपर्चर एफ/५ ते ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. ५० एमएमची साधी लेन्स एफ/१.८ ला उघडते. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग: सुमारे ९.७. जवळपास दहापट प्रकाश. म्हणजे जिथे ६४०० लागत होता तिथे ६४०-८०० पुरतो. त्याच आकाराच्या सेन्सरच्या चार-पाच वर्षं नव्या बॉडीकडून मला फार तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, फायदा दिसलाय. दुप्पट आणि दहापट यातलं काय निवडायचं ते सातवीतलं पोरही सांगेल. (एफ/१.८ ला नवरा फोकसमध्ये आणि नवरी धूसर असं होतं, म्हणून जोडप्यासाठी एफ/२.८ ला या. तरी चौपट उरतोच.)

आणि एक: हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली एकाच ओळीतले फोटो एक पिवळा, एक काळपट, एकावर पट्टे असे येत असतील तर तो सेन्सरचा दोष नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. मंगलाष्टकं सुरू असताना हे आठवलं तर अक्षता पडताना चेहरे एका रंगाचे येतील.

राहिला शेवटचा रकाना, पंधरांचा. हा शंभर टक्के बॉडीचा. कुंभारगावच्या पाणथळीत सकाळी सात वाजता रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यावर धावत सुटतो आणि मग हवेत उठतो. ते धावणं पाच-सहा सेकंदांचं. डी७००० सेकंदाला सहा फोटो घेतो, पण रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या) फायली दहाएक झाल्या की त्याची आतली तात्पुरती साठवण भरते आणि तो विचार करत बसतो. पहिल्या दोन सेकंदांत माझे फोटो संपले, गुलाबी पंख उघडले ते मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. नावाडीकाका म्हणाले, "ताई, मशिन दमलं का?"

पंधरा हे आणि फोकसमधले सतरा उडते. दोनशेत बत्तीस. सोळा टक्क्यांसाठी बॉडी बदलायची नाही, असं ठरवून मी ते पैसे २००-५०० एफ/५.६ लेन्समध्ये घातले. इथलंही गणित बघण्यासारखं आहे. ३०० वरून ५०० एमएमवर गेलं की पक्ष्यावर पडणारे पिक्सेल (५/३) चा वर्ग, म्हणजे २.८ पट होतात. १६ वरून २४ मेगापिक्सेलवर गेलं की दीडपट. लांबीत मोजलं तर ४९२८ पिक्सेलचे ६०००, फक्त बावीस टक्के वाढ. लोक म्हणतात मोठी प्रिंट काढायचीय. अहो, १६ मेगापिक्सेलची १२ बाय १८ इंच प्रिंट इंचाला २७० पिक्सेलच्या पुढे जाते, आणि तुमचे फोटो शेवटी बघितले जातात ते मोबाइलवर. लेन्सचं वजन मात्र २.३ किलो. खांदा महिनाभर दुखला, ते हिशोबात धरलं नव्हतं.

तीन हिवाळ्यांनंतर, २०२१ मध्ये, पुन्हा दोनशेची रद्दी मोजली. या वेळी हललेले २३, माझी चूक ४१, दाणे ६. फोकस ८३ आणि अडकलेला कॅमेरा ४७. फोकसमधले बसलेले पक्षी शोधून पाहिले, एकही नव्हता. दोनशेत एकशेतीस बॉडीच्या नावावर. माझा नियम असा: सेटिंग आणि लेन्स सुधारून झाल्यावरही रद्दीतली निम्म्याहून जास्त बॉडीमुळे असेल तर बदला.

मग कोणती? ज्या रकान्याने बदलायला लावलं त्याच रकान्याने निवडायची. माझ्यासमोर तीन होत्या. डी७२०० (२०१५): ५१ फोकस बिंदू, रॉची साठवण अठराच्या आसपास. फरक आहे, पण रोहितांच्या सहा सेकंदांना तोही पुरत नाही. डी७५०० (२०१७): सेकंदाला आठ फोटो, पन्नास रॉ सलग, पण दुसऱ्या कार्डाची जागा काढून टाकलेली. नातलगाच्या लग्नात एकच कार्ड आणि ते बिघडलं, तर मला त्या घरी पुन्हा जेवायला कोण बोलावेल? जुन्या हाती फोकसच्या एआय लेन्स असतील तर तिथे मीटरिंगही (प्रकाश मोजणं) चालत नाही. तिसरी डी५०० (२०१६): १५३ बिंदू जवळजवळ चौकटीच्या कडेपर्यंत, सेकंदाला दहा फोटो, चांगल्या एक्सक्यूडी (एक वेगवान मेमरी) कार्डावर दोनशे रॉ. मेगापिक्सेल फक्त २०.९, म्हणजे कागदावर डी७२०० पेक्षा कमी. हीच घेतली.

फुल फ्रेमचा, म्हणजे डीएक्सहून मोठ्या सेन्सरचा, मोह पक्षीवाल्यांनी टाळावा. डी७५० सारख्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर डीएक्सएवढा भाग कापला की दहाएक मेगापिक्सेल हातात राहतात, आणि १८-१०५ सारख्या डीएक्स लेन्स पूर्ण चौकट भरत नाहीत. लग्नंच करायची असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मी अडवणार नाही.

आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा? निकॉनने झेड६, झेड७ आणले २०१८ मध्ये. २०२० नंतर त्यांचा नवा डीएसएलआर (माझ्यासारखा आरशाचा कॅमेरा) आलेला नाही. १९५९ पासूनचं एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आता मागे पडतंय हे खरंच. तुमच्याकडे एखादी किट लेन्सच असेल तर नवी डीएसएलआर बॉडी मुळीच घेऊ नका, सरळ तिकडे जा. पण लेन्सचा संसार मांडलेला असेल तर अडॅप्टर बघा: मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर चालतात, माझी ५० एमएम डी मात्र तिथे हातानेच फोकस करावी लागते.

घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा. मी पुण्यातून आणली, तोच नावाडी, तीच जागा, तीच लेन्स, आणि घरी येऊन पुन्हा रद्दी मोजली. दुकानातल्या काउंटरवर फोटो काढून कुणाला काही कळत नाही.

जुनी बॉडी घेणार असाल तर इथे मात्र सावकाश. पहिल्या विकणाऱ्याने मला सांगितलं, "अठरा हजार क्लिक, घरगुती वापर." मी त्याच्याच समोर एक जेपेग काढला, लॅपटॉपवर एक्झिफटूलने (फोटोत दडलेली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडला. १,४३,०००. डी५०० चं शटर दोन लाखांपर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे बंद पडलं असतं असं नाही. पण जो आकड्यात खोटं बोलतो त्याने पाण्यात पडलेलं सांगितलं असतं का? निकॉनच्या मूळ फायलीत हा क्लिकचा आकडा सापडतो, कॅननच्या बहुतेक फायलींत तो लिहिलेला नसतो. पुढे लेन्सला झाकण घालून आयएसओ १६०० ला एक फोटो, काळ्यात लाल-पांढरे ठिपके किती ते बघा. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा एक, डाग दिसतील. पुसून जाणारी धूळ चालेल. दोन्ही कार्डांच्या जागा वापरून पाहा. पकडीचं रबर सुटलंय का, तळाच्या स्क्रूंची डोकी झिजलीत का (उघडलेला कॅमेरा तिथे ओळखू येतो). भारतातलं वॉरंटी कार्ड आणि पक्कं बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा. आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडाकडे बघून जाळीसारखं काही दिसतंय का तेही पाहा.

किमतीत न धरलेले खर्च: एक्सक्यूडी कार्ड आणि त्याचा वेगळा रीडर, दोन्ही महाग. २०२० च्या डिसेंबरमधल्या फर्मवेअरनंतर (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरनंतर) सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्डही चालतं, ते बघा. सॉफ्टवेअर जुनं असेल तर नव्या बॉडीच्या रॉ फायली उघडणार नाहीत. मोफतचं डीएनजी कन्व्हर्टर किंवा एनएक्स स्टुडिओ वापरा, घाईने लॅपटॉप बदलू नका. डी५०० ला उघडणारा फ्लॅश नाही, तेही मला घरी आल्यावर जाणवलं.

डी७००० विकायला काढला तेव्हा जो भाव आला त्यात २००-५०० ची बॅगही आली नसती. ठेवून घेतला. लग्नात तो १८-१०५ लावून गळ्यात असतो, दोन्हींची बॅटरी एकाच जातीची, ईएन-ईएल१५. फक्त जुन्या बॅटरीच्या पोटावर 'लि-आयन ०१' लिहिलंय का ते बघून घ्या. ती डी५०० मध्ये घातली की निम्म्या सकाळीच मान टाकते, डी७००० मध्ये मात्र दिवसभर चालते. मी तिच्यावर नेलपॉलिशने लाल ठिपका दिलाय.