काटा अडला? आधी तेलाची बरणी बघा

वजन उतरवताना तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर लगेच पोळ्या कमी करू नका. माझा अनुभव असा की चोर बहुधा फोडणीत सापडतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, आणि हात सैल सुटला की दोन सहज पडतात. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढा, त्यातच भागवा. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट तर ‘पौष्टिक’ म्हणून मूठभर जातं. 20 ग्रॅमलाच सुमारे 115 कॅलरी!

वजन रोज सकाळी, शौचानंतर, चहाआधी करा. तुलना आठवड्याच्या सरासरीची. रात्री पापड-लोणचं झालं असेल तर मिठामुळे अंगात साठलेल्या पाण्यानेही काटा वर जातो. मोजमाप चोख असूनही हलेना, तर मग एक पोळी कमी करा: उतरलेल्या शरीराला जुनं माप जास्तच होतं.