जनउठावानंतरच्या देशाची अर्थव्यवस्था कशी तपासावी

जनतेच्या उठावाने एखादी राजवट कोसळली की पुढील काही आठवडे बातम्या राजकारणाच्या असतात आणि अर्थव्यवस्थेविषयी केवळ विकासदराचा अंदाज वाचायला मिळतो. त्या एका आकड्यावरून मत बनवू नये. उठावानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत देशाची दिशा एकाच गोष्टीवरून ओळखता येते: तिजोरीत थोडे पैसे असताना सरकार कोणाचे देणे आधी भागवते आणि कोणाला थांबायला सांगते. पुढील तपासणीची पद्धत याच प्रश्नाभोवती रचलेली आहे. ती विद्यार्थ्यांना, पत्रकारांना आणि परदेशांतील घडामोडींचा गांभीर्याने मागोवा घेणाऱ्या कोणालाही वापरता येईल. मध्यवर्ती बँकेची मासिक आकडेवारी, अर्थसंकल्प आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे देशविषयक अहवाल एवढी सामग्री तिला पुरते, आणि ती बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असते.

सुरुवात परकीय चलनाच्या गंगाजळीपासून करावी, कारण इंधन, औषधे, खते आणि धान्य आयात करणाऱ्या देशात इतर सर्व निर्णयांची मुदत ही गंगाजळी ठरवते. मात्र जाहीर झालेला एकूण आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये. त्यातील प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी रक्कम किती, हे शोधावे. श्रीलंकेत एप्रिल २०२२ च्या अखेरीस अधिकृत गंगाजळी सुमारे १.८ अब्ज डॉलर दिसत होती. त्यातील सुमारे १.५ अब्ज डॉलर चीनच्या मध्यवर्ती बँकेबरोबरच्या चलन अदलाबदल कराराचे (दोन देशांच्या बँकांनी एकमेकींना आपापले चलन ठराविक काळासाठी देण्याच्या कराराचे) होते आणि ते वापरण्यासाठी श्रीलंकेकडे तीन महिन्यांच्या आयातीला पुरेल एवढा साठा असणे ही अट होती. म्हणजे साठा संपल्यामुळे ज्या पैशाची गरज होती, तो पैसा साठा संपल्यामुळेच हाती येत नव्हता. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की वापरण्याजोगे चलन पाच कोटी डॉलरही उरलेले नाही. तोवर, १२ एप्रिल २०२२ रोजी, देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केलेले होते. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी जुलैमध्ये देश सोडला, तेव्हा नव्या सरकारच्या हाती आलेली अर्थव्यवस्था ही होती.

आकडा मिळाला की त्याला महिन्याच्या आयातखर्चाने भागावे. उत्तर तीनपेक्षा कमी आले तर धोका आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, परंतु साठा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकत आहे, हे त्या उत्तराहून महत्त्वाचे असते. इजिप्तमध्ये २०१० च्या अखेरीस सुमारे ३६ अब्ज डॉलर होते. राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक फेब्रुवारी २०११ मध्ये पायउतार झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत ते सुमारे १५ अब्ज डॉलरवर आले. पर्यटक घटले, परदेशी गुंतवणूकदारांनी सरकारी रोख्यांतून पैसे काढून घेतले, आणि तरीही मध्यवर्ती बँक इजिप्शियन पाउंडचा दर टिकवण्यासाठी डॉलर विकत राहिली.

यामुळे गंगाजळीबरोबरच चलनाचा दरही पाहावा लागतो. अधिकृत दर आणि खुल्या बाजारातील दर यांतील तफावत दर महिन्याला टिपून ठेवावी. तफावत वाढत असेल तर परदेशात काम करणारे नागरिक बँकेऐवजी हवालामार्गे पैसे पाठवू लागतात, निर्यातदार डॉलर बाहेरच ठेवतात आणि आयातदारांना लेटर ऑफ क्रेडिट (विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी) मिळेनासे होते. नवे सरकार अवमूल्यन, म्हणजे चलनाचा अधिकृत दर खाली आणणे, टाळते, कारण महागाईला कंटाळून रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर पुन्हा महागाई लादणे त्याला परवडत नाही. ही भीती खरी असते आणि तिला केवळ दुबळेपणा म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. परंतु पुढे ढकललेले अवमूल्यन टळत नाही, ते साचत जाते. इजिप्तने ३ नोव्हेंबर २०१६ रोजी पाउंड बाजारावर सोडला, तेव्हा एका डॉलरला ८.८ पाउंड असलेला दर काही आठवड्यांत १८ च्या आसपास पोहोचला आणि पुढच्या वर्षी महागाईचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला. याउलट बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर अधिकृत मार्गाने येणारा परदेशस्थ कामगारांचा पैसा वाढत गेला आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्याने ३० अब्ज डॉलरचा टप्पा गाठला. त्या पैशाने नव्या व्यवस्थेला जो अवधी मिळवून दिला, तो कोणत्याही कर्जाने मिळाला नसता.

यानंतर अर्थसंकल्पातील अनुदाने उघडावीत. येथे घाईने मत बनवण्याचा मोह सर्वांत जास्त असतो: एका बाजूला अनुदान म्हणजे उधळपट्टी असे म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला कोणतेही अनुदान कमी करणे म्हणजे उठावाशी गद्दारी असे म्हणणारे. त्याऐवजी प्रत्येक अनुदान कोणत्या टप्प्यावर दिले जाते आणि ते वाटेत कोठे गळते, हे तपासावे. इजिप्तमधील स्वस्त पावाची योजना यासाठी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पूर्वी सरकार बेकऱ्यांना स्वस्त पीठ देत असे. पीठ स्वस्त आणि बाजारातील पीठ महाग असल्याने बेकरीवाल्याला पाव भाजण्यापेक्षा पीठ बाहेर विकणे अधिक फायद्याचे ठरे, आणि लोक रांगेत उभे राहत. २०१४ पासून ही व्यवस्था बदलली: बेकरीने पीठ बाजारभावाने घ्यायचे, ग्राहकाने कार्ड वापरून माणशी दिवसाला पाच पावांपर्यंत, प्रत्येकी पाच पियास्टरला (पाउंडाचा शंभरावा भाग म्हणजे एक पियास्टर) घ्यायचे, आणि कार्डावर नोंदल्या गेलेल्या पावांच्या हिशेबाने सरकारने बेकरीला फरक द्यायचा. ग्राहकाची किंमत त्या वेळी तीच राहिली. चोरीला मिळणारे उत्तेजन मात्र कमी झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये इंधनाचे दर वाढवले गेले. हे दोन निर्णय एकाच सदरात टाकणे चुकीचे ठरेल. इंधनाच्या सरसकट अनुदानाचा मोठा वाटा जास्त इंधन जाळणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांकडे जातो, तर पावाचे अनुदान गरिबाच्या ताटात पोहोचते.

सरकारने घोषणा कशा केल्या आणि मागे कशा घेतल्या, याचीही नोंद ठेवावी. १९७७ च्या जानेवारीत इजिप्तने अनुदाने एकाएकी कमी केली, दंगली उसळल्या आणि निर्णय रद्द झाला. ती आठवण पुढील प्रत्येक सरकारच्या मानेवर बसली. डिसेंबर २०१२ मध्ये, उठावानंतर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांच्या सरकारने करवाढ जाहीर केली आणि काही तासांतच ती स्थगित केली. नाणेनिधीकडून अपेक्षित असलेले ४.८ अब्ज डॉलरचे कर्ज त्यानंतर मार्गी लागलेच नाही. निर्णय मागे घेण्यापेक्षा लोकांना आधी विश्वासात न घेता तो जाहीर करणे हे अधिक गंभीर लक्षण समजावे.

पगारपट आणि रोजगार यांची तपासणी एकत्रच करावी लागते, कारण उठावामागे बेरोजगारी असते आणि सरकारच्या हातात तात्काळ देण्याजोगी नोकरी फक्त सरकारीच असते. ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष झिने अल-अबिदिन बेन अली जानेवारी २०११ मध्ये पळून गेले, त्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील भरती आणि वेतनवाढ यांमुळे वेतनावरील खर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा जगातील मोठ्या वाट्यांपैकी एक बनला. गफ्साच्या फॉस्फेट खाणींत ही कोंडी अगदी जवळून दिसते. २०१० मध्ये तेथे सुमारे ८० लाख टन उत्पादन होत होते; पुढच्या वर्षी ते निम्म्याच्याही खाली गेले, कारण नोकरीची मागणी करणारे तरुण खाणींच्या आणि रेल्वेच्या वाटा अडवून बसत. कंपनीने व तिच्या उपकंपन्यांनी भरती वाढवली, अनेकांच्या वाट्याला पगार आला पण काम आले नाही, आणि उत्पादन पूर्वपदावर आले नाही. ज्या भागातून संपत्ती निघते त्याच भागात बेकारी असावी, ही त्या तरुणांची तक्रार पूर्णपणे रास्त होती. म्हणून केवळ ‘पगारखर्च वाढला’ असे लिहून थांबू नये. त्याच अर्थसंकल्पात भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, पाणी, शाळा, रुग्णालये यांवरील तरतूद, किती कापली गेली ते शेजारी मांडावे. पगार वाचवण्यासाठी पहिली कुऱ्हाड बहुधा तेथेच पडते, आणि मागासलेल्या भागांना त्याची किंमत मोजावी लागते.

कर्जाच्या बाबतीत एकूण रकमेपेक्षा तीन गोष्टी शोधाव्यात: ते कोणत्या चलनात आहे, कोणाचे आहे आणि पुढील दोन वर्षांत त्यातील किती फेडायचे आहे. त्यानंतर जुन्या राजवटीच्या कर्जांविषयी नवे सरकार काय भूमिका घेते ते पाहावे. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस पळाले तेव्हा परदेशी कर्ज सुमारे २६ अब्ज डॉलर होते. त्यांच्या जागी आलेल्या कोराझोन अकिनो यांच्या सरकारने पत टिकवण्यासाठी ते सर्व फेडण्याचे मान्य केले आणि कर्जफेडीची रक्कम दरवर्षी आपोआप मंजूर होण्याची मार्कोसकालीन तरतूदही कायम राहिली. बातान येथील अणुऊर्जा प्रकल्पातून एक युनिटही वीज निर्माण झाली नाही, तरी त्याचे कर्ज २००७ पर्यंत फेडले जात होते. सर्व कर्ज नाकारणे व्यवहार्य नव्हते, हे मान्य करूनही अशा प्रकल्पाच्या कर्जावर वाटाघाटीचा आग्रह न धरणे मला मोठी चूक वाटते.

कर्जाची पुनर्रचना, म्हणजे फेडीच्या अटी बदलणे, झाली असेल तर भार कोणी उचलला हे नावनिशीवार लिहावे. श्रीलंकेने २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना केली, तेव्हा व्यापारी बँकांकडील सरकारी रोखे वगळले गेले आणि कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीकडील रोखे तिच्यात धरले गेले. बँका कोसळू नयेत हे कारण खोटे नव्हते. परंतु ज्यांची बचत त्या निधीत होती त्यांनी संकट ओढवून घेतलेले नव्हते.

बँका आणि लुटलेली संपत्ती यांविषयी अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. मार्कोस यांची स्वित्झर्लंडमधील खाती १९८६ मध्येच गोठवली गेली, पण त्यातील सुमारे ६५.८ कोटी डॉलर सरकारजमा करण्याचा फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००३ मध्ये आला. त्यामुळे परत येणाऱ्या पैशावर चालू अर्थसंकल्प उभा करणाऱ्या सरकारवर विश्वास ठेवू नये. लूट ज्या नियमांच्या आडून झाली ते नियम बदलले का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. जागतिक बँकेच्या २०१४ च्या एका अभ्यासानुसार बेन अली कुटुंबाशी संबंधित २२० कंपन्या ट्युनिशियातील खासगी क्षेत्राच्या नफ्यापैकी सुमारे २१ टक्के नफा मिळवत होत्या, आणि हे त्यांना परवाने व नव्या स्पर्धकांना प्रवेशबंदी करणाऱ्या नियमांमुळे शक्य होत होते. कंपन्या जप्त झाल्या. ते नियम बराच काळ टिकून राहिले. बँकांबाबत बुडीत कर्जांचे नव्याने केलेले मोजमाप पाहावे. ते अचानक वाढले तर घाबरू नये, कारण अनेकदा जुनी लपवलेली कर्जे प्रथमच खरी नोंदली जात असतात.

विकासदर आणि महागाईचा दर सर्वांत शेवटी घ्यावेत, आणि तेही पातळीसह. श्रीलंकेत सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतील महागाई ७० टक्क्यांच्या जवळ गेली होती आणि २०२३ च्या मध्यापर्यंत ती एक आकडी झाली, ही मोठी कामगिरी आहे. पण महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे होत नाही; त्या वाढलेल्या पातळीवरच राहतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तेथील दारिद्र्याचे प्रमाण २०१९ मधील सुमारे ११ टक्क्यांवरून २०२३ मध्ये सुमारे २६ टक्क्यांवर गेले. म्हणून उठावाच्या आधीचे एक वर्ष निवडावे, त्या वर्षीची मजुरी आणि धान्य, इंधन व वीज यांच्या किमती एका रकान्यात लिहाव्यात, आजच्या शेजारच्या रकान्यात, आणि त्याच मजुरीत आज किती कमी मिळते हे काढावे. हा तक्ता दर सहा महिन्यांनी नव्याने भरावा आणि सरकारचा किंवा नाणेनिधीचा यशाचा दावा वाचताना तो समोर ठेवावा.