प्रोटॉन पॅकवरचा रंग अखेर टिकला

'घोस्टबस्टर्स' (१९८४) या चित्रपटातला प्रोटॉन पॅक, म्हणजे भुतं पकडणाऱ्यांच्या पाठीवरचं यंत्र, भंगारातून जुळवताना मापांचा प्रश्न सोपा निघाला. मूळ पॅक अमेरिकी लष्कराच्या पाठपिशवीच्या 'अ‍ॅलिस' नावाच्या सांगाड्यावर बसवलेला होता. तो सांगाडा हाताशी असला की पडद्यावरच्या चित्रावरून बाकीची मापं गुणोत्तराने काढता येतात.

छळलं ते रंगाने. पॅकसाठी घेतलेलं बादलीचं झाकण पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचं, त्यावरून रंग सापाच्या कातीसारखा सोलून निघायचा. मग झाकण २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, खास प्लास्टिकसाठीचा प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला, त्यावर चंदेरी आणि वर मॅट काळा. आता नखानेही निघत नाही. कडांवरचा काळा मुद्दाम खरवडला, की आतलं चंदेरी झिजलेल्या धातूसारखं दिसतं. पॅकवरची रिबन केबल (अनेक तारांची चपटी पट्टी) मात्र खरीच लावा. रंगवलेली पट्टी लगेच ओळखू येते.