बंद खाणींच्या गावात बस हब करताय? या चुका टाळा

गोव्यात डिचोली, सांगे, सावर्डे, कुठेही जा, खाणगावाला परत उभं करायचं म्हटलं की पहिलं ड्रॉइंग बस हबचं येतं आणि पहिली चूकही त्यातच असते, ती म्हणजे जागा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या, ट्रकांची यार्डं ओस पडली. तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की आयती जागा आहे, सपाट आहे, बस आरामात वळते. अहो, पण यार्ड गावाबाहेर होतं ते ट्रकांच्या सोयीसाठी, माणसं तिथे कशाला जातील?

अशा एका कामात मीही होतो, त्यामुळे गावाचं नाव घेत नाही. गावच्या तिठ्यापासून, म्हणजे तिस्कापासून, यार्ड पाऊण किलोमीटर, नकाशावर चार बोटं. शेड झाली, बाकडी झाली, पहिल्या सोमवारी मी सकाळी जाऊन बसलो तर शेडमध्ये मी, वॉचमन आणि एक कुत्रा. बाकी सगळं गाव तिस्कावर पिंपळाखाली, भाजीपावच्या गाड्याजवळ, आणि कंडक्टर तिथूनच 'पणजी पणजी' ओरडतोय. प्रायव्हेट बसच्या ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "सायबा, रिकामी बस आत नेऊन परत आणायची, डिझेल कोण देणार?" मासळीवाल्या बाईने टोपली खाली ठेवली आणि मलाच ऐकवलं, "पुता, एवढं चालायचं तर मी बाजारातच बसते ना."

तेव्हापासून माझी एक सवय आहे, कोणाला आळशीपणा वाटेल. पेन्सिल धरायच्या आधी शाळा चालू असलेल्या दिवशी स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन तिस्कावर बसायचं, पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत, आणि वहीत रेघा मारायच्या. नवीन पोरं गूगल मॅप बघून संध्याकाळी सहाची गर्दी धरतात. आपल्याकडे दुपारी दीडच्या आसपास शाळा सुटतात तेव्हाची गर्दी ऑफिसात बसून कशी दिसणार? बसथांबा तिस्कावरच ठेवा. यार्ड हवंच असेल तर रात्री बस उभ्या करायला वापरा.

दुसरी माझी आवडती चूक, मे महिन्यात साइट बघून छप्पर काढणं. उंच, हवेशीर, फोटोत छान दिसतं. जूनमध्ये नैऋत्येकडून झड येते आणि मधल्या बाकड्यापर्यंत सगळं ओलं, लोक पाठ करून उभे. त्यात दहाचाकी गाड्यांनी वर्षानुवर्षं दाबलेली जमीन, पाणी मुरतच नाही, लाल गाळ गटारात बसतो आणि पहिल्या पंधरवड्यात शेडसमोर तळं. मी पागोळी खाली घेतो, वाऱ्याच्या बाजूला छातीइतकी चिऱ्याची भिंत घालतो, गटाराआधी गाळाची टाकी, आणि ती जूनआधी उपसणाऱ्या माणसाचा पगार बजेटमध्ये धरतो. शेवटची गोष्ट सांगितली की मिटिंगमध्ये सगळे घड्याळ बघतात.

बाकीच्या पटापट.

ट्रक कायमचे गेले असं धरू नका, डिचोलीत २०२४ मध्ये खाणकाम परत सुरू झालं, तेव्हा बसचा रस्ता आणि ट्रकचा रस्ता आधीपासून वेगळा ठेवा.

मोटरसायकल पायलटांना, म्हणजे भाडं घेऊन दुचाकीवरून सोडणाऱ्यांना, सावलीत जागा द्या, नाहीतर ते गेटच्या तोंडावर उभे राहतील आणि तुम्ही पोलिसांना फोन करत बसाल.

कुडचड्यासारखं स्टेशन गावात असेल तर आधी बसची वेळ ट्रेनशी जुळवा, काचेचा पूल नंतर.

टॉयलेटची चावी कोणाकडे राहणार हे उद्घाटनाआधी ठरवा.

जुना टिपर रंगवून सेल्फी पॉइंट करायची आयडिया प्रत्येक मिटिंगमध्ये कोणीतरी काढतोच. ज्याचा ट्रक बँकेने ओढून नेला तो रोज त्याच्यासमोर बसची वाट बघणार आहे, त्याला विचारलंत का?

आणि शेवटची बस कधी सुटते ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. क्यूआर कोड नको, रात्री आठला पावसात तो कोणी स्कॅन करत नाही.