बँकेकडून कागद मागवताना: लंडनमधील पहिल्या अर्जाचा अनुभव

मुंबईत चार वर्षे दिवाणी वकिली करून मी लंडनच्या एका सॉलिसिटर कचेरीत रुजू झालो, तेव्हा बँकेकडून कागद कसे मिळवायचे हे आपल्याला ठाऊक आहे असा माझा समज होता. आपल्याकडे १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम ६ खाली चालू दाव्यातल्या पक्षकाराला न्यायालयाच्या आदेशाने बँकेच्या नोंदी पाहता येतात. पण दावा कोणावर लावायचा हेच कळले नसेल, तर काय करावे? माझ्या पहिल्या प्रकरणातल्या महाराष्ट्रातील कारखानदाराची अडचण नेमकी तीच होती. पुरवठादाराच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलवर विसंबून त्यांनी यंत्राची रक्कम लंडनमधील एका खात्यात पाठवली होती, आणि ते खाते कोणाचे हे फक्त त्या बँकेला माहीत होते.

इंग्लंडमध्ये यावर तोडगा आहे. दुसऱ्याच्या गैरकृत्यात अजाणता गुंतलेल्या व्यक्तीने गुन्हेगाराचे नाव पीडिताला सांगितले पाहिजे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९७३ मध्ये नॉर्विच फार्माकल खटल्यात ठरवले. तिथे ही माहिती सीमाशुल्क खात्याकडे होती. पुढे १९८० च्या बँकर्स ट्रस्ट विरुद्ध शपिरा या निकालाने हे तत्त्व पैशाच्या मागापर्यंत नेले. न्यूयॉर्कमध्ये बनावट धनादेशांवर दहा लाख डॉलर उचलले गेले होते आणि त्यातला मोठा भाग लंडनच्या बँकेत आला होता. त्या बँकेने खातेदारांशी झालेला पत्रव्यवहार, धनादेश आणि हस्तांतराचे अर्ज दाखवावेत, असा आदेश अपील न्यायालयाने दिला.

हे सारे वाचून मी मसुद्यात ‘सदर खात्याशी संबंधित सर्व कागदपत्रे’ असे ऐटीत लिहिले. आमच्या बॅरिस्टरबाईंनी ती ओळ खोडली आणि अशिलाच्या बँकेने दिलेली एमटी १०३ या स्विफ्ट संदेशाची (परदेशी रक्कम पाठवताना बँकेने बँकेला धाडलेल्या सूचनेची) प्रत माझ्यासमोर ठेवली. रकाना २० मध्ये संदर्भ क्रमांक, ३२ए मध्ये तारीख, चलन आणि रक्कम, ५९ मध्ये लाभार्थी; मागणी इथून सुरू करा, असे त्या म्हणाल्या. नव्या मसुद्यात खाते उघडण्याचा अर्ज व ओळखीचे पुरावे, रक्कम जमा झाल्या दिवसापासूनचा खातेउतारा, खात्यातून गेलेल्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पैसे कोणत्या बँकेत व कोणाच्या खात्यात गेले याचा तपशील आणि सध्याची शिल्लक, एवढेच मागितले. अशा अर्जाला बँक बहुधा ना संमती देते ना विरोध करते. खातेदाराच्या गोपनीयतेचा भंग केल्याचा ठपका येऊ नये म्हणून तिला आदेशाचा आधार हवा असतो, आणि आदेश जितका नेमका तितका तो पाळणे तिला सोपे जाते.

अर्जासोबत हमीही द्याव्या लागतात: बँकेचा खर्च आम्ही भरू, तिचे नुकसान झाल्यास न्यायालय सांगेल ती भरपाई देऊ आणि मिळालेली माहिती याच कामापुरती वापरू. सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि काही दिवस खातेदाराला सुगावा लागू देऊ नये, हेही आवर्जून मागावे, नाहीतर उरलीसुरली शिल्लकही जाईल.

कागद कोणत्या देशात आहेत, हा प्रश्न नवखे वकील शेवटी विचारतात. तो आधी विचारावा. लंडनमध्ये शाखा आहे म्हणून परदेशी बँकेच्या न्यूयॉर्कमधील नोंदी इंग्रजी न्यायालय सहसा मागवत नाही, हे न्यायमूर्ती हॉफमन यांनी १९८० च्या दशकातच मॅकिनन प्रकरणात स्पष्ट केले आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदलले असून, इंग्लंडमधील दाव्यासाठी गैरकृत्य करणारा कोण किंवा मालमत्तेचे काय झाले, एवढी माहिती मागणारा अर्ज परवानगीने परदेशातही बजावता येतो. तरीही तिथली बँक स्थानिक गोपनीयता कायद्याकडे बोट दाखवू शकते, म्हणून तिथल्या वकिलाचे मत आधीच घेतलेले बरे.

आमच्या प्रकरणात बँकेचा खातेउतारा आला, तेव्हा जमा झालेली रक्कम त्याच दुपारी चार हप्त्यांत बाहेर गेल्याचे दिसले. त्यातले दोन हप्ते हाँगकाँगला गेले होते. तिथली न्यायालयेही हीच तत्त्वे मानतात, त्यामुळे त्या संध्याकाळी मी पुढचा मसुदा उघडला आणि सर्वांत आधी दोन्ही हप्त्यांचे संदर्भ क्रमांक त्यात उतरवले.