फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर? त्यापेक्षा या चुका टाळा

सकाळी ठाण्याची फास्ट लोकल पकडायची घाई, डबा भरायचाय, आणि ओट्यापाशी वाद कसला तर फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवायची की बाहेर. सासूबाई म्हणतात आत, पोळ्या गरम राहतात. नवरा म्हणतो त्या बाजूला केमिकल असतं, ती बाहेरच हवी. मी दोघांचं ऐकून आलटून पालटून गुंडाळत राहिले आणि काडीचा फरक पडला नाही.

पडणार पण नव्हता, कारण ती चकाकी कोणी मुद्दाम दिलेलीच नसते. आमच्या शेजारच्या गुजराती काकू आमरसासोबत बेपडी रोटली करतात, म्हणजे दोन गोळ्यांच्या मध्ये तेल लावून एकत्र लाटायचे आणि भाजून झाल्यावर दोन्ही पदर सोडवायचे, अगदी तसंच फॉइलचं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्टीलच्या रोलर्समधून परत परत काढत पातळ करतात, पण घरची फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीच असते, एवढी पातळ एकटी लाटायला गेलं तर फाटते, म्हणून शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र घालतात, मध्ये तेल. जी बाजू गुळगुळीत रोलरला घासते ती चकचकीत होते, ज्या एकमेकींना चिकटून असतात त्या मॅट राहतात. धातू तोच, केमिकल-बिमिकल काही नाही. चकचकीत बाजू उष्णता किंचित जास्त परतवते हे खरं, पण डब्यातल्या पोळीला ते कळणारही नाही.

फक्त नॉनस्टिक फॉइल असेल तर बाजू बघा. तिथे कोटिंग एकाच बाजूला असतं, बहुतेक मॅट बाजूला, खोक्यावर लिहिलेलं असतं.

खरी गडबड वेगळीच होते. माझीच सांगते, चिंचगुळाची आमटी उरली होती, स्टीलच्या पातेल्यावर फॉइल लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी बघते तर फॉइलला बारीक बारीक भोकं आणि आमटीवर करडे कण! मला वाटलं रोलच डुप्लिकेट लागला. तसं नव्हतं. फॉइल खाली वाकून आमटीला टेकली होती, कडेला स्टीलला पण, आणि दोन वेगळे धातू नि मध्ये आंबट-खारट पाणी म्हटल्यावर छोटी बॅटरीच तयार झाली की, त्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. लोणचं, टोमॅटोची भाजी, सोलकढी, लिंबू लावलेले मासे, असलं काही तासन्‌तास फॉइलमध्ये नकोच. काचेचा डबा घ्या, नाहीतर स्टीलचं झाकण.

तव्यावरची पोळी लगेच गुंडाळली तर आतली वाफ सुटत नाही आणि दुपारी पोळी ओलीगच्च निघते. आधी दोन मिनिटं पंख्याखाली, मग फॉइल, तीही पार दाबून नाही. ऑफिसच्या पँट्रीत ते पुडकं तसंच्या तसं मायक्रोवेव्हमध्ये ढकलू नका, चुरगळलेल्या कडांवर ठिणग्या उडतात. एअर फ्रायरमध्ये नुसती फॉइल टाकून प्रीहीट केलं तर पंख्याच्या हवेने ती उडून कॉइलला चिकटते, वर वजन पाहिजे.

आणि रोल सारखा फाटत असेल तर जाडी बघा. मी एकदा जांभळी नाक्यावरून स्वस्तातला मोठा रोल आणला, इतका पातळ की प्रत्येक वेळी डबल गुंडाळावा लागायचा, मग कसला आलाय स्वस्त. खोक्यावर मायक्रॉन लिहिलेले असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), पोळ्यांना ११ चालतं, चिकन भाजायचं असेल तर १८च्या आसपासची घ्या.